नळ्या, दाणे, धूळ

१
नायलॉन आणि एबीएस एकत्र वितळवून कितीही घोटा, एकजीव होत नाहीत. बहुतेक प्लास्टिकांच्या जोड्यांची हीच गत. तुकडा फुटतो तोही बहुधा दोघांच्या सीमेवर.

२
कार्बन नॅनोट्यूबवरचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवरचा, सुमिओ इजिमा यांचा गाजलेला निबंध १९९१चा. पोकळ कार्बन तंतूंची छायाचित्रं सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५२ मध्येच छापली होती. रशियन भाषेत.

३
२००० साली अमेरिकेत एकेक नळी ताणून तोडून पाहिली. सर्वांत मजबूत निघाली तिनं ६३ गिगापास्कल ताण सोसला. चांगली पोलादी तार दोन-तीनवर तुटते.

४
तीच नळी प्लास्टिकात गेली की हा आकडा हाती लागत नाही. नळ्या एकमेकींना घट्ट बिलगतात. गुच्छ सुटला नाही तर तिथूनच तडा. प्लास्टिक वितळवणाऱ्या एक्स्ट्रुडरमध्ये फार घोटलं तर नळ्याच तुटून आखूड होतात.

५
फोर्डच्या गाड्यांचे बाहेरचे आरसे. त्यांच्या कवचासाठी जीई प्लास्टिक्सनं पॉलिफिनिलीन ऑक्साइड आणि नायलॉनचं मिश्रण घेतलं. पहिलं उष्णता सोसतं, दुसऱ्यावर तेलाचा परिणाम होत नाही. पण विद्युतभारित फवाऱ्यानं रंग बसायचा तर प्लास्टिक थोडं तरी वीजवाहक हवं. नेहमीची भर त्यासाठी वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत घालावी लागते; तेवढ्यात माल कमजोर होतो आणि जडही. नळ्या त्याहून पुष्कळ कमी पुरल्या. इथे नळीनं ताकद वाढवली नाही, होती ती जाऊ दिली नाही. माझ्या लेखी हे मोठं काम आहे.

६
ड्रेस्डेनमधला प्रयोग. नळ्या आधी सॅन नावाच्या प्लास्टिकात मिसळल्या, मग पॉलिकार्बोनेट घातलं. काही मिनिटांत जवळजवळ सगळ्या नळ्या पॉलिकार्बोनेटमध्ये.

७
नळ्या अशा एकाच प्लास्टिकात गोळा झाल्या आणि ते प्लास्टिक तुकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असलं, तर थोड्या नळ्यांतही वीज वाहते. पवईच्या आयआयटीत नायलॉन-एबीएसवर याच वाटेनं काम झालं. गुच्छ सोडवायला तिथे अमिनोहेक्झॅनोइक आम्लाचा सोडियम क्षार वापरला.

८
२००८, एडिंबरा. लांब नळ्या उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्या. अस्तरावर ॲस्बेस्टॉससारखीच सूज. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसं केलं नाही.

९
अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस: कामाच्या जागी घनमीटरभर हवेत एक मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नळ्या नकोत.

१०
प्लास्टिकच्या दाण्यात अडकलेली नळी सहजी उडत नाही. पोत्यातली पूड उडते. कंपाउंडिंगवाल्यांनी सुटी पूड न घेता मास्टरबॅचचा, म्हणजे नळ्या आधीच मिसळलेल्या प्लास्टिकचा, दाणाच घ्यावा. आणि हॉपरपाशी उभ्या माणसाला तोंडाला बांधायचा रुमाल नको, धूळ अडवणारा खरा मास्क द्यावा.