पोट लहान झाले, ताट कुणाचे?

आमच्या घरात वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास झाली, त्याला वर्ष झाले. जठर अंड्याएवढे उरते. आधी पातळ, मग मऊ, मग घट्ट अन्न. जेवताना पाणी नाही. गोड जास्त झाले की घाम सुटतो, छाती धडधडते. हे सारे आम्ही सगळ्यांनी मिळून अंगवळणी पाडले.

प्रश्न वेगळाच आहे. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने हवीत. हातात पडलेल्या आहारतक्त्यात मात्र पनीर, टोफू आणि महागडी पावडर! आम्ही विचारले, "अंडी, सुकट, कलेजी चालेल ना?" उत्तर आले, "शक्यतो सात्त्विक खा."

मित्रांनो, सात्त्विक हा वैद्यकशास्त्राचा शब्द आहे काय? बायपासनंतर लोह आणि बी-12 शरीरात नीट शोषले जात नाही. त्यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, वेळोवेळी रक्त तपासावे लागते. कलेजीत हे दोन्ही भरपूर असते. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात. यात अपवित्र काय?

2015 साली राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली, गरिबाचे स्वस्त प्रथिन गेले. गोमांस आणि अस्पृश्यतेचा संबंध बाबासाहेबांनी 1948 सालीच 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडला होता. ताटावरून माणसाची पायरी ठरवणारी तीच खोड आज आहारतक्त्यात शिरली आहे.

म्हणून आपण काय खातो ते डॉक्टरांपासून लपवू नका. आपल्या ताटाप्रमाणे, आपल्या खिशाप्रमाणे तक्ता मागा. ती मेहेरबानी नाही, उपचाराचा भाग आहे.

जयभीम!