लेस्टरच्या मुक्कामातील जेली

न्यू जर्सीत लेकीकडे दोन महिने राहून परतताना आम्ही आठ वर्षांच्या नातीसह लेस्टरला चुलत दिरांकडे उतरलो. तेथील ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या देरासराचे दर्शन घ्यावे, ही फार दिवसांची इच्छा होती. पूर्वीच्या चर्चच्या इमारतीत १९८८ साली येथे प्रतिष्ठा झाली. दर्शनी भाग शुभ्र संगमरवराचा, आत कोरीव खांब. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी सर्वांना एकाच छताखाली स्थान. मन प्रसन्न झाले.

येताना जाऊबाईंबरोबर भाजी घ्यायला थांबलो आणि अमेरिकेत नुकतीच शिकलेली नावे निरुपयोगी ठरली. तिकडे ‘एगप्लान्ट’ ऐकून मी प्रथम हातच मागे घेतला होता. नावात अंडे, पण वस्तू आपले वांगे! (बहुबीज म्हणून आमच्याकडे तेही वर्ज्यच, ही गोष्ट निराळी.) येथे त्याला ‘ऑबर्जिन’ म्हणतात. उलट तिकडचे ‘स्कॅलियन’ नावाने निरुपद्रवी, प्रत्यक्षात कांद्याची पात. इंग्रजांची ‘स्प्रिंग अनियन’ ही पाटी तरी प्रामाणिक. ‘स्वीड’ मला गोड फळ वाटले. ते निघाले अमेरिकेतले ‘रुटाबागा’, म्हणजे कंदमूळच.

खरा प्रसंग सायंकाळी आला. शेजारच्या वृद्ध इंग्रज बाईंनी नातीला प्रेमाने विचारले, “जेली खाशील?” नातीने आनंदाने मान डोलावली. अमेरिकेत जेली म्हणजे फळांचा रस साखर व पेक्टिन घालून आटवलेला, पावाला लावायचा गोड पदार्थ. शाळेच्या डब्यात ती रोज नेते. बाईंनी आणली ती थरथरणारी लाल वडी. चमचा तोंडाशी जाणार तोच जाऊबाईंनी तिचा हात धरला. इंग्लंडातली जेली बहुधा जिलेटिनने घट्ट करतात आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होते. हाच पदार्थ अमेरिकेत ‘जेल-ओ’ या नावाने ओळखला जातो; त्या नावाने विचारले असते तर नातीने स्वतःच नको म्हटले असते.

बाई ओशाळल्या, आम्हीही संकोचलो. मायेने पुढे केलेली वाटी परत करणे जड जाते. जाऊबाईंनी त्यांना आपला नियम शांतपणे समजावून सांगितला.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा दाराशी आल्या. हाती अगार घातलेल्या जेलीचे पाकीट होते. चष्मा सावरत त्यांनी त्यावरील एकेक घटक आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला आणि नातीला विचारले, “याला तुमच्याकडे काय म्हणतात, ते आधी सांग!”