उजेड झेपेल एवढाच

गॉगलची गोष्ट सांगताना बहुतेक जण रोमच्या नीरोपासून सुरुवात करतात. हा सम्राट ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाचूतून पाही, असं प्लिनीने लिहून ठेवलं आहे. तो पाचूच्या आरपार पाही की त्यात उमटलेलं प्रतिबिंब पाही, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मला मात्र ही गोष्ट सम्राटाच्या सज्जातून सुरू करावीशी वाटत नाही. ती सुरू व्हावी उत्तर ध्रुवाकडच्या बर्फावर, शिकारीला निघालेल्या इन्युइट माणसापासून.

तिकडचा हिवाळा काळोखाचा. वसंतात सूर्य परततो आणि मग मावळायचं नाव घेत नाही. जमिनीवर बर्फ तसाच असतो. कोरडी वाळू तिच्यावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी साधारण 15 टक्के परत फेकते. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत. म्हणजे वरून ऊन आणि पायाखालूनही ऊन. टोपी कितीही पुढे ओढा, खालचं ऊन अडत नाही. चालताना काही जाणवत नाही. त्रास सुरू होतो काही तासांनी, बहुधा रात्री. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी थांबत नाही, दिव्याकडे बघवत नाही. याला हिमांधत्व म्हणतात. दोनेक दिवसांत ते उतरतं. पण ज्याची चूल शिकारीवर पेटते, त्याने हे दोन दिवस काढायचे कसे?

त्या लोकांनी यावर बिनकाचेचा चष्मा घडवला. वॉलरसचा सुळा, कॅरिबूचं शिंग, नाहीतर समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेलं लाकूड. झाड तिथे उगवतच नाही. बेरिंग सामुद्रधुनीच्या परिसरात सापडलेले सुळ्याचे असे चष्मे हजार वर्षांहून जुने आहेत. असा एखादा चष्मा निरखून बघावा. पट्टी आतून पोखरलेली, चेहऱ्याला घट्ट बसावी म्हणून कडा घासलेल्या, नाकासाठी खाच. कानांशी भोकं, त्यांत ओवलेली दोरी. आणि डोळ्यांसमोर एक आडवी, बारीक फट. आतला भाग काजळीने काळा केलेला, म्हणजे आत शिरलेला उजेड पुन्हा डोळ्यांवर उलटत नाही. काचच नाही, त्यामुळे श्वासाची वाफ धरायचा प्रश्न मिटला. शिवाय फटीतून पाहिलं की दूरचं जास्त रेखीव दिसतं. चष्मा काढून, मूठ वळून, बोटांमधल्या बारीक सांदीतून समोरची पाटी वाचून पाहा. पुसट अक्षरं बरीच नीट लागतील. उजेड अडवता अडवता नजर धारदार करणारं हे हत्यार मला पुढच्या सगळ्या गॉगलांपेक्षा थोर वाटतं.

पुढचा मोठा टप्पाही कामगारांमुळेच आला. काचेच्या भट्टीसमोर आयुष्य काढणाऱ्यांना मोतीबिंदू होई. थॅलियम शोधणारे विल्यम क्रुक्स उतारवयात या दुखण्यामागे लागले. काचरसात वेगवेगळे धातू मिसळून त्यांनी तीनशेहून अधिक नमुने बनवले. उष्णतेचे आणि अतिनील किरण अडावेत, तरी भट्टीतलं काम नीट दिसावं, अशी काच त्यांना हवी होती. सिरियम घातलेल्या काचा त्यात उपयोगी ठरल्या. हे 1913 च्या सुमाराचं.

मग गॉगल समुद्रकिनारी गेला. 1929 मध्ये सॅम फॉस्टरने अटलांटिक सिटीत स्वस्त गॉगल विकायला काढले, 1937 मध्ये वैमानिकांचा रे-बॅन बाजारात आला, सिनेमाने तो डोक्यावर घेतला. या काळातली मला मनापासून आवडणारी गोष्ट एडविन लँडच्या पोलरॉइड काचेची. पाण्यावरून, ओल्या डांबरावरून उसळणारी तिरीप मुख्यतः आडव्या कंपनांची असते. ही काच नेमकी तीच गाळते आणि पाण्याचा तळ दिसू लागतो.

आपल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हिमांधत्व आजही भेटतं. वेल्डरच्या हातात काळ्या काचेची ढाल असते. पत्रा धरून उभ्या हेल्पर पोराकडे काहीच नसतं; तो नुसती मान वळवतो. रात्री त्याच्या डोळ्यांत तीच वाळू. दुखणं तेच, किरणही तेच.

आणि रस्त्याकडेचा स्वस्त गॉगल? त्याची काच काळी असते, पण रंगाचा आणि अतिनील किरणांचा संबंध नाही. अंधार वाटला की डोळ्याची बाहुली विस्फारते. मग काच किरण अडवणारी नसेल, तर ते जास्तच आत शिरतात. म्हणून घेताना रंगाऐवजी ‘यूव्ही 400’ ही खूण पाहावी आणि दुकानदाराला काच तपासून दाखवायला सांगावं. नितळ काचही हे काम करू शकते.

खेड्यात कितीतरी बायकांच्या डोळ्यांवर पहिला गॉगल चढतो तो मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर. त्याआधी चाळीस-पन्नास वर्षं खुरपणी, कापणी, मळणी उघड्या डोळ्यांनी. मोतीबिंदूला वय कारण असतं, तसं साठत गेलेलं ऊनही एक कारण असतं. विळा, खुरपं, टोपलं घेताना घरात पैसे निघतात. त्याच बाजारात, त्याच यादीत, तिच्यासाठी एक चांगला गॉगलही यायला हवा, ती पंचविशीची असतानाच.