माकडाच्या गालातलं पाणी

बालदोस्तांनो, माकडाला केळी खाताना तुम्ही पाहिलंय ना? कुणी घड पुढे केला, की ते एकेक केळं सोलतं आणि पटापट तोंडात कोंबतं. पण लगेच गिळत नाही बरं का! गालांत साठवून ठेवतं. दोन्ही गाल टम्म फुगले, की निवांत जागा गाठतं आणि मग सावकाश चावून खातं.

आता तुम्ही म्हणाल, 'प्रवासाचं पान उघडलं आणि बाई माकडाच्या गोष्टी काय सांगत बसल्या!' थांबा, थांबा. आज आपण ज्या शहरात जाणार आहोत, तिथे पुराशी लढण्याची एक युक्ती थेट या माकडाच्या गालावरून सुचलेली आहे. ते शहर म्हणजे थायलंडची राजधानी बँकॉक. मुंबईहून विमानात बसलं, की चार-साडेचार तासांत तिथे पोचता येतं.

थायलंडचे लोक मात्र आपल्या राजधानीला बँकॉक म्हणत नाहीत. ते म्हणतात 'क्रुंग थेप'. यातला 'थेप' म्हणजे आपला 'देव'! देवांचं नगर. थाई भाषेत संस्कृतातून आलेले असे पुष्कळ शब्द आहेत. त्यांच्या उच्चारात ते इतके बदललेत, की पटकन ओळखू येत नाहीत. शिक्षकाला तिथे 'ख्रू' म्हणतात. कुठून आला हा शब्द? अगदी बरोबर, 'गुरू'पासून!

हे देवांचं नगर वसलंय चाओ फ्राया नदीच्या मुखाजवळ, गाळाच्या सपाट जमिनीवर. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सरासरी दीड मीटर. म्हणजे पाचवी-सहावीतला एखादा मुलगा उभा राहिला, तर जवळजवळ तेवढीच! पूर्वी इथे रस्त्यांपेक्षा कालवेच जास्त होते. लोक होडीतून बाजाराला जायचे, होडीतूनच पाहुण्यांकडे जायचे. या कालव्यांना 'ख्लोंग' म्हणतात. पावसाळ्यात पाणी आलं, की ते या ख्लोंगांत, भातखाचरांत आणि पाणथळ जागांत पसरायचं. पुढे शहर वाढलं. कितीतरी ख्लोंग बुजवून त्यांवर रस्ते झाले, खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. पाऊस पूर्वीसारखा पडतच राहिला, पण त्याने जायचं कुठे?

त्यात आणखी एक अडचण आहे. हे शहर हळूहळू खचतंय! जमिनीखालचं पाणी वर्षानुवर्षं उपसलं गेलं, वर इमारतींचा भार वाढला आणि खालची मऊ चिकणमाती दबत गेली. काही भाग वर्षाला एक ते दोन सेंटिमीटर खाली जातात. तुमच्या पट्टीवर एक सेंटिमीटर बघा, केवढासा असतो! पण पन्नास वर्षं असंच चाललं तर किती होईल, करा पाहू हिशेब.

आता माकडाकडे येऊ. थायलंडचे पूर्वीचे राजे होते भूमिबोल, म्हणजे आपल्या उच्चारात 'भूमिबल'. २०१६ साली ते वारले. १९९५ साली बँकॉक भागात मोठा पूर आला, तेव्हा त्यांनी एक कल्पना मांडली. लहानपणी त्यांनी माकडाला गालात केळी साठवताना पाहिलं होतं. ते म्हणाले, पाण्याचंही तसंच करू. पाऊस आला, की ते सगळं घाईघाईने समुद्राकडे ढकलायचं नाही. आधी तळ्यांत, कालव्यांत, सखल जागांत धरून ठेवायचं. समुद्राला ओहोटी लागली, की दरवाजे उघडून सावकाश सोडून द्यायचं. या योजनेचं नावच 'कॅम लिंग'. कॅम म्हणजे गाल आणि लिंग म्हणजे माकड!

यातली मेख लक्षात आली का? समुद्राला भरती असताना शहरातलं पाणी बाहेर जाऊच शकत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला हेच झालं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी समुद्राला मोठी भरती होती. त्या पुरात शेकडो माणसं गेली. तुमच्या आईबाबांना विचारा, त्या दिवसाची आठवण बहुतेक प्रत्येक घरात निघेल.

चला, आता प्रत्यक्ष एका 'गालात' फिरून येऊ. बँकॉकच्या अगदी मध्यभागी चुलालाँगकॉर्न विद्यापीठ आहे. हे १९१७ साली स्थापन झालं. २०१७ साली शंभर वर्षं पुरी होणार होती. विद्यापीठाच्या मालकीची सुमारे अकरा एकर जागा तिथे होती. भर शहरातली जागा, म्हणजे सोन्याच्या भावाची! तिथे दुकानं, मोठमोठे मॉल उभारून रग्गड पैसा मिळवता आला असता. पण विद्यापीठाने ठरवलं, की वाढदिवसाची भेट म्हणून शहराला बाग द्यायची, सर्वांना खुली असलेली. तिचा आराखडा केला कोचकॉर्न वोराआखोम या थाई बाईंनी. त्या याच विद्यापीठात शिकलेल्या. २०११ च्या महापुरात त्यांच्या कुटुंबालाही घर सोडावं लागलं होतं. त्या वर्षी थायलंडमध्ये आठशेहून अधिक लोक दगावले. पूर म्हणजे काय, हे या बाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आपण बागेच्या उंच टोकाकडून सुरुवात करू. हे टोक म्हणजे खरं तर एका इमारतीचं छप्पर आहे, पण छप्पर वाटतच नाही! वर माती टाकून गवत आणि झुडपं लावली आहेत. पाऊस पडला, की आधी ही माती आणि मुळं पोटभर पाणी पितात. उरलेलं पाणी खालच्या टाक्यांत साठतं आणि कोरड्या दिवसांत झाडांना घालायला उपयोगी पडतं.

इथून बाग उतरत जाते. उतार किती? फक्त तीन अंशांचा! शंभर मीटर चाललात, तर जेमतेम पाच मीटर खाली उतरता. चालताना तो फारसा जाणवत नाही, पण पाण्याला बरोब्बर कळतो. दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांची पाणथळ वाफे आहेत. त्यांत पाण्यात वाढणाऱ्या वनस्पती आहेत. पाणी एका पायरीवरून दुसरीवर उतरतं, तेव्हा झाडांमुळे त्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो आणि ते स्वच्छ होत जातं. पायवाटाही अशा सच्छिद्र काँक्रीटच्या, की पाणी त्यांतून खाली झिरपतं. मधोमध मोठी हिरवळ आहे. एरवी तिथे मुलं खेळतात, लोक सतरंजी टाकून बसतात.

आणि सगळ्यात खाली तळं. बागेतलं पाणी फिरत फिरत शेवटी इथे येतं. अतिपाऊस झाला, तर तळं फुगून हिरवळीवर पसरतं आणि दुप्पट मोठं होतं. म्हणजे काल जिथे चेंडू उडत होता, तिथे आज पाणी! पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ती जागा त्यासाठीच सोडलेली आहे. पाऊस ओसरला, की हिरवळ पुन्हा खेळायला मोकळी. तळ्याकाठी जागेवरच चालवायच्या सायकली आहेत. त्यांवर बसून पॅडल मारलं, की तळ्यातलं पाणी घुसळलं जातं आणि त्यात हवा मिसळते. व्यायाम तुमचा, ताजेपणा पाण्याला!

या बागेच्या 'गालात' एका वेळी सुमारे ३८ लाख लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर हे झाले ३८० टँकर!

बँकॉकच्या उत्तरेला रांगसित इथे थाम्मासात विद्यापीठाचं आवार आहे. नाव पुन्हा एकदा म्हणून बघा. थाम्मासात... 'धर्मशास्त्र'! २०११ च्या पुरात या आवारात पूरग्रस्तांसाठी निवारा उघडला होता. हजारो लोक तिथे येऊन राहिले. पण पाणी वाढतच गेलं आणि ज्या आवाराने आसरा दिला तेच पाण्याखाली गेलं. तिथल्या लोकांना पुन्हा दुसरीकडे हलवावं लागलं.

२०१९ साली त्याच आवारात एका भव्य इमारतीच्या छपरावर शेत तयार झालं. हेही वोराआखोम बाईंचंच काम. छप्पर डोंगरासारखं, त्यावर उतरती वाफे, अगदी डोंगरउतारावरच्या भातखाचरांसारखी. क्षेत्रफळ २२,००० चौरस मीटर! तिथे भात, भाज्या, औषधी वनस्पती पिकतात. माल विद्यापीठाच्या उपाहारगृहात जातो. पावसाचं पाणी नागमोडी वळणं घेत एका वाफ्यातून दुसऱ्यात उतरतं आणि शेवटी खालच्या चार तळ्यांत जमतं. साध्या काँक्रीटच्या छपरावरून पाणी धो धो खाली येतं. इथे ते रमतगमत येतं. कोकणात, मावळात डोंगरउतारावर आपले शेतकरी बांध घालून खाचरं करतात, ती तुम्ही पाहिली असतील. तीच ही विद्या.

आता एक सरळ प्रश्न. अशा बागेने २०११ सारखा पूर थांबेल का? नाही थांबणार. तो पूर उत्तरेकडून नदीने आणला होता आणि महिनोन्महिने टिकला होता. एका बागेच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हे. पण अचानक कोसळणाऱ्या पावसाने गल्लीत तुंबणारं पाणी अशा जागा नक्की कमी करतात. आपल्या मुंबईतही हिंदमाता भागात दरवर्षी पाणी तुंबायचं. ते ओढून धरून ठेवण्यासाठी महापालिकेने २०२१ नंतर दादर-परळच्या मैदानांखाली मोठमोठ्या टाक्या बांधल्या. तो सिमेंटचा गाल झाला म्हणा! पण माती आणि झाडं असलेल्या गालाचे फायदे जास्त. सावली मिळते, पाखरं येतात, खेळायला जागा मिळते आणि थोडं पाणी जमिनीतही मुरतं.

हे वाचून 'आपल्याला काय करता येणार?' असं मनात आलं असेल, तर वही-पेन्सिल घ्या. एक गणित शिकवते. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला, की बरोब्बर एक लिटर पाणी होतं. समजा, तुमचा वर्ग आठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद आहे. छप्पर झालं ४८ चौरस मीटर. दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ४८ गुणिले ५०, म्हणजे २,४०० लिटर पाणी एकट्या तुमच्या वर्गाच्या डोक्यावर! आणि २६ जुलैसारखा ९४४ मिलिमीटर पडला असता तर? ४५,३१२ लिटर. साडेचार टँकर! आता शाळेचं सगळं छप्पर मोजा. वर्तमानपत्रातला पावसाचा आकडा घ्या आणि गुणाकार करा.

मग एक प्रयोग करा. पत्र्याचे दोन जुने ट्रे घ्या. दोघांच्याही एका कडेला सारखी भोकं पाडा. हे काम मोठ्या माणसांकडून करून घ्या हं! एका ट्रेमध्ये माती भरून गवत लावा. दुसरा रिकामाच ठेवा. गवत रुजलं, की दोन्ही ट्रे विटांवर सारखेच तिरके ठेवा आणि प्रत्येकात एकेक तांब्या पाणी ओता. भोकांतून किती पाणी खाली आलं आणि ते यायला किती वेळ लागला, तो घड्याळ लावून मोजा. आमच्या चौथीच्या वर्गात हा प्रयोग केला, की सगळ्यांत आधी एकच प्रश्न येतो, 'बाई, मातीवाल्या ट्रेतलं बाकीचं पाणी कुठे गेलं?' उत्तर तुम्हीच शोधा.

पुढच्या मोठ्या पावसात शाळेच्या व्हरांड्यात उभे राहून आवाराचा नकाशा काढा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठे झिरपतं, ते बाणांनी दाखवा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. तुंबलेल्या पाण्यात उतरायचं नाही. खाली उघडं गटार असलं, तर वरून ते दिसत नाही.

आणि पालकहो, हे थोडं तुमच्यासाठी. शाळेच्या, सोसायटीच्या आवारात 'चिखल नको' म्हणून आपण कडेपासून कडेपर्यंत फरशा बसवतो. पुढच्या बैठकीत हा विषय निघाला, तर मुलांचा नकाशा तेवढा सोबत घेऊन जा. जिथे पाणी आपोआप जमतं, असा एखादा कोपरा मातीचाच राहू द्या. थोडा खोलगट करून त्यात झाडं लावा, पन्हाळीचं पाणी तिकडे वळवा. डासांची काळजी वाटेल, आणि ती रास्तही आहे. म्हणून पाणी एका दिवसात मुरून जाईल एवढाच तो खोल ठेवायचा. खर्च फारसा नाही, फावडी आणि चार माणसं पुरतात.

तर मुलांनो, तुमच्या शाळेच्या छपराचं उत्तर किती लिटर आलं? वहीत तारखेसकट लिहून ठेवा. तुमच्या आवाराला किती मोठा गाल लागेल, ते त्यावरूनच कळणार आहे!