४५ सेकंदांची शिफ्ट

आमच्या घरात ‘शिफ्ट’ म्हणजे आठ तास. बाबा साखर कारखान्यात कामाला होते. गळीत हंगामात पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की बाबा डबल मारायचे. सोळा तास. घरी यायचे तेव्हा कपड्यांना मळीचा वास आणि तोंडात एक ठरलेलं वाक्य असायचं, “काम सोडून कधी आलो नाही मी.”

इस्टेटीचं माहीत नाही, पण हे वाक्य मात्र माझ्या वाट्याला पुरेपूर आलं. कॉलेजच्या सबमिशनला, पुण्यातल्या रिलीजच्या रात्री आणि नंतर टोरंटोला आल्यावरही.

बाबांना हार्ट अटॅक आला तेव्हा ते ५३ वर्षांचे होते आणि मी ऑन-कॉल होतो. सर्व्हर बसला होता. दादाचा फोन वाजत होता आणि मी तो दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा बाबांना आयसीयूत नेलं होतं. दोन स्टेंट बसले, बाबा वाचले. ते दोन कट केलेले कॉल मात्र डोक्यातून जात नाहीत.

त्यानंतर भीतीपोटीच मी हातपाय हलवायचं ठरवलं. इथे हिवाळ्यात महानगरपालिका बागांमधून बर्फाचे रिंक तयार करते. तिथे एक अख्खा हिवाळा आपटून आपटून मी स्केटिंग शिकलो. मग ऑफिसातल्या लोकांनी हौशी, नवशिक्यांच्या आइस हॉकी टीममध्ये ओढलं. आपल्या हॉकीत चेंडू असतो, इथे रबराची चकती, म्हणजे पक. गोलकीपर सोडून पाच जण बर्फावर, बाकीचे बेंचवर. खेळ चालू असतानाच माणसं बदलतात, हवी तितक्या वेळा. बर्फावरच्या एका फेरीला म्हणतात शिफ्ट. साधारण ४५ सेकंदांची.

पहिल्या मॅचला मी दोन मिनिटं बाहेरच आलो नाही. बेंचवरून “चेंज! चेंज!” असा आरडाओरडा चालू होता. मला वाटलं, आपण नवीन आहोत, पण दमलेलो नाही हे दाखवू. आपल्याकडे मैदान सोडतो तो एकतर आउट झालेला असतो, नाहीतर जखमी. दीड मिनिटानंतर मांड्या दगडासारख्या झाल्या. समोरचा खेळाडू माझ्या शेजारून गेला, मी नुसता बघत राहिलो. गोल झाला. ड्रेसिंग रूममध्ये पन्नाशीचा आमचा कॅप्टन शांतपणे म्हणाला, “तू जास्त खेळला नाहीस. दुसऱ्याच्या ताज्या पायांच्या जागी स्वतःचे मेलेले पाय उभे केलेस.”

इंजिनिअर माणूस, त्यामुळे घरी येऊन वाचायला बसलो.

जिवाच्या आकांताने धावताना पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूत साठलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून येते. तो साठा दहाएक सेकंदांत बराच रिकामा होतो. मग स्नायू ऑक्सिजनची वाट न बघता साखर फोडतात. ऊर्जा झटपट मिळते, पण स्नायूत आम्लता वाढते. त्यात स्केटिंग म्हणजे गुडघे वाकवून, अर्ध्या खुर्चीत बसल्यासारखं पळणं. मांड्या आवळलेल्या, रक्तालाही वाट अरुंद. म्हणून साधारण पाऊण मिनिटानंतर तुम्ही खेळत नसता, नुसते हजर असता.

मला चकित केलं ते पुढच्या भागाने. तो साठा परत भरतो बेंचवर. निम्मा अर्ध्या-एक मिनिटात, जवळजवळ पूर्ण तीन-चार मिनिटांत, आणि त्यासाठी लागतो ऑक्सिजन. म्हणजे दमसास हवा तो बसल्यावर लवकर सावरण्यासाठीही. एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये आघाडीचे बारा खेळाडू तिघातिघांच्या चार फळ्यांत फिरतात. साठ मिनिटांच्या मॅचमध्ये चांगला फॉरवर्डही पंधरा ते वीस मिनिटंच बर्फावर असतो. निवडीआधी तिथे तरुण खेळाडूंची सायकलवर परीक्षा घेतात. एक ३० सेकंद जीव तोडून पॅडल मारण्याची, दुसरी शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते मोजणारी. पहिलीत कळतं किती भडकता, दुसरीत अंदाज येतो किती लवकर सावराल.

कॅनडाला हा धडा १९७२ मध्ये मिळाला होता. सोव्हिएत संघाविरुद्ध आठ सामन्यांची मालिका होती. सोव्हिएत खेळाडू वर्षभर व्यायाम करणारे, तर कॅनडाचे व्यावसायिक खेळाडू उन्हाळ्याच्या सुट्टीतून आलेले. २ सप्टेंबरला माँट्रिअलमध्ये कॅनडाने सुरुवातीलाच दोन गोल केले आणि शेवटी ७–३ असा मार खाल्ला. पाय संपले होते. मालिका जसजशी पुढे गेली तसे ते तयार होत गेले. २८ सप्टेंबरला मॉस्कोत शेवटचा सामना, ५–५ बरोबरी, शेवटचं मिनिट. बेंचवरून पॉल हेंडरसनने पीट महोव्हलिचला ओरडून बाहेर बोलावलं. महोव्हलिच आला. हेंडरसन आत गेला आणि ३४ सेकंद उरले असताना त्याने गोल मारला. इथे शाळकरी पोरांनाही तो गोल माहीत असतो. मला मात्र हाक ऐकून बाहेर आलेला महोव्हलिच आठवत राहतो.

आता मी घड्याळात दोन आकडे बघतो. बर्फावरून आलो तेव्हाचे ठोके आणि बेंचवर एक मिनिट बसल्यानंतरचे. सुरुवातीला १८६ वरून १७० वर यायचे. आता त्याच एका मिनिटात तीसेक ठोके उतरतात. व्यायाम थांबवल्यावर ठोके किती लवकर उतरतात, हे हृदयाचे डॉक्टरही बघतात. बाबांच्या डॉक्टरांनी ट्रेडमिल टेस्टनंतर तेच बघितलं होतं.

बाबांना हे सांगितलं तर ते हसले. “म्हणजे बसायचे पण मार्क मिळतात?” पण दादाकडून घड्याळ मागवून घेतलं. गोळ्यांमुळे त्यांचे ठोके फार वर जातच नाहीत, त्यामुळे आमच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. तरी सकाळी फिरून आले की ते पायरीवर एक मिनिट बसतात आणि मोजतात. जो माणूस आयुष्यात पाळी संपली म्हणून उठला नाही, तो आता मिनिटभर काहीही न करता बसतो.

गेल्या आठवड्यात मी ऑन-कॉल असताना त्यांचा फोन आला. अलर्ट वाजत होते. मी सोबतच्या मुलीला मेसेज टाकला, ‘दहा मिनिटं तू बघ.’ तिने लगेच अंगठा दाखवला. इतकं सोपं होतं ते.

“कामात आहेस का रे?” बाबांनी विचारलं.

“नाही बाबा, बेंचवर आहे.”

“बरं, मग ऐक. आज एकवीस उतरले.”