काळ्या मातीतील अंगठी

काही वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींचे एक कर्णफूल घरातून नाहीसे झाले. त्या काळी आमच्याकडे धुण्याभांड्यांस एक बाई येत असत. त्यांस कोणी चोर म्हटले नाही. मात्र आम्ही दोनदा, अगदी सौम्य शब्दांत, "नीट आठवून पाहा" असे म्हणालो. शाळेत मुलांकडून खोड्या कबूल करवून घेताना आम्ही जो सूर लावतो, तोच तो सूर होता. दुसऱ्या दिवसापासून बाई आल्या नाहीत. पुढे पावसाळ्यात तुळशीची कुंडी बदलताना ते कर्णफूल मुळांत अडकलेले निघाले. आम्ही त्यांच्या वस्तीत जाऊन आलो. खोलीस कुलूप होते. बिऱ्हाड हलले होते.

धातुशोधक यंत्र घेण्याची बुद्धी आम्हांस झाली ती त्यानंतर. मराठीच्या एम्. ए.चा यंत्रांशी संबंध सायकलच्या पंपापुरताच, तेव्हा इंदुरात आमच्या आळीची बरीच करमणूक झाली. तत्त्व तसे सोपे आहे. दांड्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातील विद्युत्प्रवाहाने भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यात धातू आला की त्याच्या अंगीही भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांची चाहूल वेटोळ्यास लागून कानांत सूर उमटतो. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असेच उपकरण सिद्ध केले होते. गोळी सापडली नाही. अंथरुणाखालच्या पोलादी तारांनी घोटाळा केला, असे सांगतात. आमच्या नशिबी त्या तारा नाहीत, पण माळव्याची काळी माती आहे. ही बेसॉल्ट खडकाची माती. तिच्यातील लोहकणांमुळे यंत्र उगाचच कुरकुरते. शिवाय सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद पुष्कळदा सोन्यासारखाच सूर देतो, म्हणून प्रत्येक वेळी खुरपे चालवणे आलेच.

हळूहळू अनोळखी माणसे दाराशी येऊ लागली. कोणाची बागेत पडलेली किल्ली, कोणाचे पैंजण. बारीक साखळी सापडणे कठीण, अखंड वळे त्या मानाने सोपे. गुप्तधनाचा विषय काढणाऱ्यांस आम्ही चहा देऊन वाटेस लावतो. तसे धन दहा रुपयांहून अधिक किमतीचे निघाले तर जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे, एवढे ऐकले की बहुतेकांचा उत्साह मावळतो.

गेल्या वैशाखात सांवेरकडील एका गावाहून एक वयस्क शेतकरी आले. सुनेच्या बोटातील अंगठी शेतात पडली होती. लग्नास तीन महिने झाले होते. "पडली म्हणते," असे ते म्हणाले, आणि त्या 'म्हणते'वरून आम्ही काय ते समजलो. शेतावर पोहोचल्यावर सासूबाईंनी उरलेलेही सांगून टाकले : मुलीचा भाऊ त्याच आठवड्यात येऊन गेला होता.

सून बांधाशी घुंगट ओढून उभी होती. जेवल्यावर तिने तांब्यातील पाण्याने हात धुऊन झटकले होते. आम्ही तिच्या बोटात एक लोखंडी नट घातला, हातांवर पाणी ओतले आणि म्हणालो, "तसेच झटक पाहू, बेटी." नट चारएक हातांवर जाऊन पडला. तेथून सुतळ्या बांधून पट्टे आखले, मनगटावरचे घड्याळ काढून ठेवले आणि जमिनीलगत वेटोळे फिरवू लागलो. दोन तासांत एक खिळा, फाळाचा तुकडा आणि दोन चंदेरी कागद हाती आले. वैशाखात ही जमीन फाटते. मनगट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. अंगठीएवढ्या वस्तूची चाहूल वीतभर खोलीपलीकडे सहसा लागत नाही, आणि पाऊस पडला की भेगा मिटतात. सासूबाई मधूनमधून उसासत होत्या. आमच्या कानांत यंत्राच्या कुरकुरीपेक्षा ते "नीट आठवून पाहा" अधिक वाजत होते.

सहाव्या पट्ट्यात सूर उमटला. बारीक होता, पण दोन्ही बाजूंनी सारखा येत होता. खुरप्याने भेग रुंदावली. चार बोटे खाली, ढेकळाच्या पोटात, पिवळी कड दिसली.

सासऱ्यांनी अंगठी धोतराच्या सोग्याने पुसली आणि सुनेपुढे धरली. "ले, बेटा." तिने हात पुढे केला नाही. खाली वाकून तिने आमच्या सुतळ्या सोडवल्या, एकेक नीट गुंडाळून आमच्या पिशवीत ठेवल्या, खुरप्याची माती झाडली. सासूबाई दुसरीकडे पाहत होत्या. सासऱ्यांनी दिलेली नोट आम्ही परत केली. लसणाची जुडी मात्र नाकारता आली नाही.

बांध ओलांडताना मागे वळून पाहिले. अंगठी अजून सासऱ्यांच्या तळहातावरच होती.