पायांनी निवडलेला किनारा

समुद्र शोधत कुठे जावे लागेल, असे आम्हा वसईकरांच्या मनात सहसा येत नाही. तो इथे दाराशीच असतो. लहानपणी पाचूबंदरावर वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासावरून आम्ही वाऱ्याची दिशा सांगत असू, आणि सुरुची बागेतल्या सुरूंखाली बसून भेळ खाल्ली नाही, असा मे महिना माझ्या आठवणीत नाही. म्हणूनच, साठी ओलांडल्यावर आम्ही उभयता परदेशात जवळजवळ तीन महिने राहण्यासाठी एखादा किनारा निवडत बसू, तोही नकाशा, रुग्णालयांची अंतरे आणि वहीतले मुद्दे समोर ठेवून, हे मला कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

निमित्त मुलीचे. ती लिस्बनला नोकरी करते. तिचे घर जुन्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला उद्वाहक नाही. ‘उन्हाळ्यात तीन महिने या, पण माझ्याकडे नको, समुद्राजवळ कुठेतरी घर भाड्याने घेऊ, मी दर शनिवारी-रविवारी येईन,’ असे तिने सुचवले. मे ते जुलै हा काळ ह्यांच्या डॉक्टरांनाही पसंत पडला. त्यांचे कारण मात्र वेगळे होते. वसईत जुलैमध्ये पाणी तुंबते. 2018 च्या जुलैत तर कित्येक दिवस आम्ही घरात अडकून पडलो होतो. ज्याच्या पायाला जखम होऊ शकते आणि झालेली कळत नाही, अशा मधुमेही माणसाने त्या पाण्यात पाऊल टाकणे म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला आमंत्रण देणे होय, असे त्यांचे म्हणणे.

‘झालेली कळत नाही’ हे शब्द मी सहज लिहिले, पण आमच्या घरात ते सहज आलेले नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही कळंबच्या किनाऱ्यावर गेलो होतो. दुपारचे चार वाजले असतील. ह्यांनी चपला हातात घेतल्या आणि पाण्यापर्यंतची रुंद कोरडी वाळू आरामात, मधूनमधून थांबत, ओलांडली. मी मागून पाहत होते. माझ्या पायांना चटका बसत होता म्हणून मी चपला घालूनच होते, आणि ‘यांना कसे भाजत नाही’ हा विचार माझ्या मनात आला होता. आला आणि गेला. मी त्यांचे छायाचित्रही काढले. रात्री पाय धुताना दोन्ही तळव्यांवर फोड दिसले. डाव्या पायाचा फोड चिघळला, आणि तीन महिन्यांनी त्या पायाची करंगळी काढावी लागली. ते छायाचित्र अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात ते हसत आहेत.

पुढे डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक ताठ तंतू तळव्याला दहा ठिकाणी टेकवून पाहिला. डोळे मिटलेले ह्यांना त्यांपैकी सहा ठिकाणी काहीच लागले नाही. अनेक वर्षांच्या साखरेने पायांच्या नसा बोथट होतात. वेदना जाते, उष्णता जाणवत नाही, घाम कमी होतो म्हणून कातडी कोरडी पडून टाचा भेगाळतात. वेदना ही शरीराची राखणदार असते आणि ती राखणदारच झोपी गेलेली असते. तेव्हापासून आमच्याकडे काही रिवाज पडले. रोज रात्री आरसा धरून तळवे पाहायचे. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, मलम टाचांना लावायचे पण बेचक्यांत नाही. बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकायचे. मोजे पांढरे, म्हणजे रक्ताचा वा पुवाचा डाग लगेच दिसतो. आंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने तपासायचे. आणि अनवाणी चालणे, घरातसुद्धा, बंद.

शेवटचा नियम ह्यांना सर्वांत जड गेला. पाचूबंदरापासून भुईगावपर्यंतचा किनारा ज्याने आयुष्यभर अनवाणी तुडवला, त्याला बूट घालून समुद्र पाहायला सांगणे म्हणजे काय, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. दोन वर्षे ते किनाऱ्याकडे फिरकलेच नाहीत. म्हणून मुलीचे निमंत्रण आले तेव्हा माझ्यापुढचा प्रश्न कोणते गाव सुंदर हा नव्हता. ह्यांना समुद्र परत कुठे देता येईल, हा होता.

मुलीची पहिली पसंती दक्षिणेकडील तविरा. तिथे पाणी त्या मानाने उबदार आणि किनारा सोनेरी. छायाचित्रे पाहून माझेही मन गेले. पण बारकाईने पाहता त्या गावाची वाळू गावाला लागून नाही, खाडीपलीकडच्या लांबट बेटावर आहे. होडीने जायचे आणि पुढे वाळूतून चालायचे. जुलैच्या दुपारी ती वाळू किती तापत असेल याचा अंदाज कळंबच्या अनुभवावरून मला पुरेसा होता. मोठे रुग्णालय फारो शहरात, तीसेक किलोमीटरवर. मुलीच्या घरापासून आगगाडीने तीन तासांहून अधिक. तिला मी हे सांगितले तेव्हा ती चिडली. ‘आई, तू बाबांना फिरायला आणते आहेस की पेशंट म्हणून?’ मी उत्तर दिले नाही. ते मला ठाऊक नव्हते.

नाझारे आणि त्याच्या आसपासचा पश्चिम किनारा मी वाऱ्यामुळे बाजूला ठेवला. पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात उत्तरेचा जोरदार वारा वाहतो. तो पृष्ठभागावरचे पाणी आत समुद्राकडे ढकलतो आणि खालचे थंड पाणी वर येते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही तिथला समुद्र आपल्याकडच्या कल्पनेपेक्षा फारच गार असतो. आपण वसईला मे महिन्यात पाण्यात शिरतो ते अंग निवावे म्हणून. तिथे शिरताना श्वास अडकतो. रक्ताभिसरण आधीच मंद असलेल्या पायांना ते मानवणारे नव्हते. शिवाय हा गार वारा फसवा असतो. जूनमधले तिथले ऊन तीव्र असते, पण अंगाला गारवा लागत असल्याने कातडी भाजते आहे हे कळत नाही. हवा कोरडी, घाम जागच्या जागी उडून जातो, तहान उशिरा लागते. आपल्याकडच्या चिकचिकाटाचा एक उपकार असा की तो निदान पाणी प्यायची आठवण करून देतो.

कश्काइश मात्र मला मनापासून आवडले होते. लिस्बनहून चाळीस मिनिटांची आगगाडी, गावात शिरताच समुद्र, आणि पाण्याच्या कडेने इश्तोरीलच्या पलीकडेपर्यंत जाणारी सुमारे 3 किलोमीटरची सपाट, बांधीव वाट. ह्यांच्यासाठी ही वाट म्हणजे औषधच. पण भाडे ऐकून आम्ही दोघेही गप्प झालो. सेवानिवृत्तीच्या पैशांत ते बसणारे नव्हते. आणि हेही सांगते, की इतक्या देखण्या, धनिकांच्या गावात तीन महिने आपण पाहुण्यासारखे अंग चोरून राहू अशी मला भीती वाटली.

सेतूबलचे नाव ह्यांनीच काढले. मुलीने नाक मुरडले, कारण ते बंदराचे, कामकऱ्यांचे शहर. ‘म्हणूनच,’ हे म्हणाले. लिस्बनहून पूल ओलांडून तासाभराची आगगाडी. सादो नदीचे मुख, समोर त्रोयाचा वाळूचा लांब पट्टा, म्हणून शहराच्या बाजूचे पाणी शांत. शहरातच मोठे सार्वजनिक रुग्णालय. मधोमध झाडांनी आच्छादलेला, सपाट, लांबलचक हमरस्ता. लिस्बनच्या चढउतारांवर चुनखडीचे बारीक घोटीव दगड बसवलेले असतात, ओले झाले की काचेसारखे निसरडे होतात. ज्याला पायाखालचे नीट कळत नाही त्याच्यासाठी ती चाल म्हणजे रोजची परीक्षा. सेतूबललाही असे दगड आहेतच, पण सखल भागात चढण तरी नाही. मासळीबाजार निळ्या चित्रांच्या फरशांनी मढवलेला आहे, असे मुलीने सांगितले. ह्यांना फरशांपेक्षा मासळी महत्त्वाची वाटली. शेवटी तिनेच घर शोधून दिले: तळमजल्यावरचे, बंदरापासून दहा मिनिटांवर.

तयारीविषयी थोडे, कारण वाचकांपैकी अनेकांची मुले बाहेर आहेत. अल्पमुदतीच्या शेंगेन परवान्यावर 180 दिवसांच्या कालावधीत 90 दिवसच राहता येते. आम्ही 84 दिवसांचा बेत केला, तिकीट चुकले वा ताप आला तर हाताशी थोडे दिवस असावेत म्हणून. त्यासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पण असा विमा घेताना बारीक अक्षरांतले कलम वाचावे. पूर्वीपासून असलेल्या आजारांचा खर्च त्यातून बहुधा वगळलेला असतो, किंवा जिवावर बेतले तरच ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. ह्यांच्या पायाला फोड आला असता तर तो खर्च आमचाच, हे आम्ही धरून चाललो आणि तेवढी रक्कम वेगळी ठेवली. औषधे तीन महिन्यांची, मूळ वेष्टनात. डॉक्टरांचे पत्र औषधांच्या व्यापारी नव्हे तर मूळ नावांनी लिहिलेले. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निरुपयोगी. पोर्तुगाल उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, तेव्हा रात्रीचे इंजेक्शन कसकसे पुढे सरकवायचे हे डॉक्टरांनी दिवसवार लिहून दिले. हे आपल्या मनाने करू नये.

तिथे गेल्यावर एक अडचण आमच्या हिशोबाबाहेरची निघाली. जूनमध्ये रात्री नऊला उजेड असतो. पहिला आठवडाभर आम्ही उन्हे उतरायची वाट पाहत जेवण लांबवत राहिलो आणि एका रात्री ह्यांना दरदरून घाम फुटला. साखर खाली गेली होती. खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्यांनी निभावले. दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीकडे न पाहता घड्याळाकडे पाहून ताटे वाढू लागले, बाहेर भर ऊन असले तरी.

बाकी दिवस साधे होते. सकाळी सातला चालणे, अकराच्या आत घरी. हिरव्या क्रॉसच्या औषधाच्या दुकानात अल्प शुल्कात रक्तदाब आणि साखर तपासून देतात. तिथली मुलगी ह्यांना ओळखू लागली. बाजारात सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीचीच भावंडे, आणि माकुलाचे तळलेले तुकडे, जे त्या शहराचे वैशिष्ट्य. ह्यांना आठवड्यातून एकदाच परवानगी. कोथिंबिरीची जुडी पाहून मला भरून आले. आणि भाषेचे तर नवलच. ‘पाव’, ‘बटाटा’, ‘कोबी’ हे शब्द मी घाबरत उच्चारले आणि भाजीवालीने जवळजवळ तेच शब्द मला परत केले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला, चावी आणि बादली मात्र आपल्याकडेच राहिली, असे हे म्हणाले. शहराच्या मुख्य चौकात बोकाझ या कवीचा पुतळा आहे. तो इथेच 1765 मध्ये जन्मला, आरमारात शिरून गोव्याला आला, 1789 मध्ये दमणला नेमणूक झाल्यावर तिथून पळून गेला. ह्यांना या माणसाविषयी विलक्षण आपुलकी वाटली. रोज पुतळ्यापाशी थांबून म्हणत, ‘दमणला कंटाळला बिचारा, पुढे वसईपर्यंत आला असता तर राहिला असता.’

पाण्याजवळ ते मात्र जात नव्हते. मासेमारांच्या गोदीपलीकडे एक छोटा किनारा आहे. त्याच्या नावाचा अर्थच ‘आरोग्याचा किनारा’. आम्ही तिथल्या बाकावर बसत असू. मी रबरी तळाचे, बोटे झाकणारे पाण्यातले बूट इथूनच घेऊन गेले होते. महिनाभर ते पिशवीत राहिले. मी आग्रह केला नाही. खरे तर मलाच धीर नव्हता. मुलीने एका रविवारी ते बाहेर काढले, उलटे करून झटकले, आतून हात फिरवून खडा नाही ना पाहिले, आणि बाबांसमोर वाळूत गुडघे टेकून त्यांच्या पायांत चढवले. ‘चला बाबा, गुडघ्यापर्यंतच.’

सकाळचे साडेआठ वाजले होते. वाळू गार होती. मी तळहात टेकवून पाहिली. ते दोघे पाण्यात शिरले. हे थांबले, मागे वळले आणि ओरडले, ‘अगं, गार आहे!’

‘कुठे लागतंय?’ मी विचारले.

त्यांनी वाकून गुडघ्याच्या खाली, पोटरीच्या मध्यावर बोट ठेवले. तिथून वर.

त्या रात्री आरसा मी धरला. बोटांच्या बेचक्या पुसल्या, टाचांना मलम लावले. तळव्यांवर काहीही नव्हते. पुढचे साडेसात आठवडे, वारा पडलेला असेल त्या प्रत्येक सकाळी, आम्ही साडेआठला तिथे असू. जुलैच्या अखेरीस परतलो तेव्हा वसईत मुसळधार पाऊस चालू होता आणि स्टेशनबाहेर घोटाभर पाणी होते. रिक्षा थेट फाटकापर्यंत आली नाही. हे थांबले, पिशवीतून रबरी बूट काढले, तसेच पायांत घालायला निघाले आणि माझ्याकडे पाहून पुन्हा हातात घेऊन उलटे झटकले. आतून चिमूटभर पांढरी वाळू पडली. मग डोक्यावर छत्री धरून मी त्यांना उंच पायऱ्यांच्या कडेकडेने, पाणी टाळत, घरापर्यंत आणले.